दहा वाजून दहा

रस्ता डावीकडे वळला आणि मी वळलो नाही. एवढंच झालं. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा, वेग सायकलला शोभेल असा. दोन्ही हात स्टिअरिंगवर, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली की काटे जिथे असतात तिथे. वळण मला शंभर पावलांवरून दिसत होतं, मी त्याच्याकडे बघतही होतो, आणि हात जागचे हलले नाहीत. पुढचं चाक फुटपाथवर चढलं, कचऱ्याचा डबा आडवा झाला, बंपरचा कोपरा कशाला तरी घासला आणि गाडी बंद पडली. कुत्र्याला फिरवायला निघालेली एक म्हातारी तीन पावलं मागे सरली. "झोप झाली नसेल तर घरी पडून राहावं," ती म्हणाली, माझ्याशी नव्हे, कुत्र्याशी. मी काच खाली करून माफी मागितली. झोप व्यवस्थित झाली होती. ताईच्या घरी काय बोलायचं याची मी मनात तालीम करत होतो, आणि खोटं बोलायची तालीम करताना माझे हात असे थिजतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत बसलो तेव्हा ते पहिल्यांदा लक्षात आलं, आणि लक्षात आलं तरी मी लगेच दुसरा विचार करायला लागलो. त्यात मी पटाईत आहे.

बावीस वर्षं मी गाड्यांच्या कारखान्यात चाचणीचालक आहे. लोकांना वाटतं की हा डोंगरात, वाळवंटात गाड्या पळवत असेल. माझ्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. जमिनीत पोलादी रोलर बसवलेले आहेत. त्यांवर गाडीची पुढची चाकं चढवायची, गाडीला पट्टे आवळायचे, मागे सायलेन्सरला हत्तीच्या सोंडेएवढी नळी लावायची आणि मी आत बसून गाडी चालवायची. चाकं फिरतात, रोलर फिरतात, गाडी तिथल्या तिथे. समोरच्या पडद्यावर एक रेष सरकत असते. ती चढली की वेग वाढवायचा, उतरली की कमी करायचा, सपाट झाली की तसंच राहायचं. वीस मिनिटं. नळीतून गेलेला धूर पलीकडच्या खोलीत मोजतात, आणि आकडा मर्यादेच्या आत आला की त्या जातीच्या लाखभर गाड्या विकायला मोकळ्या. एवढ्या वर्षांत जागचा न हलता मी पृथ्वीला पाच-सहा फेऱ्या सहज मारल्या असतील. वळण एकही नाही. कारखान्यात मला पुतळा म्हणतात. नवे चालक अंग आखडलं म्हणून हलतात, नाक खाजवतात, कंटाळून स्टिअरिंगवर ताल धरतात. मी वीस मिनिटांत फक्त पायाचा घोटा हलवतो. माझ्या चाचण्या वाया जात नाहीत, म्हणून महत्त्वाची गाडी आली की साहेब विचारतात, पुतळा कुठाय.

हे स्थिर हात मला भावोजींनी दिले. मी नऊ वर्षांचा असताना आई-वडील सहा महिन्यांच्या अंतराने गेले. ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी, नुकतंच लग्न झालेली. तिने आपल्या नव्या संसारात मला सामानासारखं बरोबर आणलं. भावोजी शाळेत शिक्षक, आणि त्याच शाळेत माझं नाव घातलेलं. घरात भावोजी, वर्गात सर. या दोन माणसांमध्ये त्यांनी स्वतः कधी गल्लत केली नाही, मी मात्र आयुष्यभर करत आलो. संध्याकाळी ते मला जेवणाच्या टेबलाशी बसवत, दोन्ही तळहात लाकडावर पालथे ठेवायला लावत आणि प्रश्न विचारत. "खोटं बोलणाऱ्याचे हात आधी बोलतात," ते म्हणत. थाप मारायला लागलो की माझी बोटं चुळबुळत, आणि ते लगेच म्हणत, "येत नाही म्हण. येत नाही म्हणायला काय जातं?" मी येत नाही म्हणायला शिकलो नाही. मी हात हलू द्यायचे नाहीत हे शिकलो. दोन वर्षांत एवढं जमलं की ते फसायला लागले. वर्गात मात्र एकदा सापडलो. शेजाऱ्याचं गणित जसंच्या तसं, त्याच्या चुकीसकट, उतरवलं होतं. त्यांनी माझी उत्तरपत्रिका सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि मला फळ्यापाशी बोलावलं. "सांग सगळ्यांना. मी जे लिहिलं ते माझं नाही." मी सांगितलं. "ऐकू आलं नाही." पुन्हा सांगितलं. तीनदा. माझ्या वर्गात एकोणचाळीस मुलं होती आणि त्यांतले कितीजण हसले तेही मला आठवतं. घरी आल्यावर त्यांनीच मला आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं. ते मला अजून गिळता आलेलं नाही.

आणि सात वर्षांपूर्वी एका मंगळवारी माशी शिंकली. माशी म्हणजे मीच. करड्या रंगाची नवी डिझेल गाडी रोलरवर होती, चौदावं मिनिट चालू होतं, आणि बावीस वर्षांतली माझी एकुलती एक शिंक आली. हात हलले, स्टिअरिंग वीतभर डावीकडे गेलं आणि परत आलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असतो, न दिसणाऱ्या एका वायूचा. मर्यादा ऐंशीची. तो साठच्या आसपास घुटमळत होता तो चढायला लागला. दोनशे. चारशे. साडेसातशेला पोचला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. काचेपलीकडच्या साहेबांनी, चष्मेवाले म्हणायचो आम्ही त्यांना, वहीत लिहिलं: चाचणी रद्द, कारण चालकाची शिंक. मग शांतपणे म्हणाले, "सर्दी असली की रजा घेत जा." मला रजा कुणी आपणहून देत नाही. म्हणून मी विचार केला. रस्त्यावर गाडी चालते तेव्हा स्टिअरिंग हलतं. रोलरवर हलत नाही. गाडीला कुणीतरी शिकवून ठेवलं होतं: चाकं फिरतायत आणि हात स्थिर आहेत, म्हणजे कुणीतरी बघतंय, आता नीट वाग. हात हलले, म्हणजे आपण रस्त्यावर आहोत, कुणी बघत नाही, काय ओकायचं ते ओक. मला खात्री करून घ्यायची होती. शुक्रवारी तीच गाडी, तेच चौदावं मिनिट, आणि मी मुद्दाम, अगदी सावकाश, स्टिअरिंग हलवलं. आकडा निमूटपणे साडेसातशेला गेला. मी काचेकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी रागावल्यासारखं काही केलं नाही. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं. हाताची घडी, तोंडावर बोट. शाळेत शिकलेलं वाया जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, म्हणजे शिंकेनंतर बरोबर अकरा दिवसांनी, मी ताईकडे जेवायला गेलो होतो. हे अकरा दिवस मी पुढे हजारदा मोजले आणि दर वेळी ते अकराच भरले. भावोजी निवृत्त झाले होते, आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची होती. "मला रंग नि बाकीचं काही नको," ताई म्हणाली, "ज्यातून सगळ्यात कमी घाण निघते ती सांग. माझी छाती ही अशी, आणि गाडी उभी राहणार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली." तेव्हाही ती दम्याचा पंप ओढायची, दिवसातून दोनदा. भावोजींनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते उत्तराची वाट बघत होते, आणि उत्तर त्यांना ठाऊक नव्हतं. तेहतीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीची गाडी घ्या म्हणालो असतो तरी भागलं असतं. थोडं थांबा म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मग 'का?' आलं असतं, त्यामागून पुढचा प्रश्न, आणि मी पुन्हा फळ्यापाशी. "आमची करडी घ्या," मी म्हणालो. "मी स्वतः तपासलीय. डोळे मिटून घ्या." भावोजींनी मान डोलावली, चांगल्या विद्यार्थ्याला डोलवायचे तशी. त्या मानेसाठी मी ते केलं. दुसरं कारण मी नंतर खूप शोधलं, सापडलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडी आली, आणि भावोजी तिच्या प्रेमात पडले. नाकाने कांदे सोलणारा माणूस, सगळ्या इमारतीला शिकवत सुटला. कुणी पाहुणा आला की खाली नेऊन इंजिन सुरू करायचं, खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी मिनिटभर धरायचा आणि उलगडून दाखवायचा. डाग नाही. "धुराची गाडी म्हणे डिझेल," ते म्हणत, "बघा. मेहुण्याने तपासलीय." काजळी गाडीतली जाळी धरून ठेवते, म्हणून रुमाल पांढरा राहतो. जे बाहेर पडतं त्याला रंग नसतो. मी शेजारी उभा राहून हे पाच-पंचवीस वेळा पाहिलं असेल. रोज सकाळी ते दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतात, इंजिन तापायला. वर खिडकीत ताई कणीक मळत असते. सात वर्षांत पंप दोनदाचा पाचदा झाला. डॉक्टर म्हणतात, वय. त्याचा आणि गाडीचा संबंध कुणी सिद्ध करू शकणार नाही, आणि या विचाराने मला धीर येतो. अशा गोष्टीने धीर येणारा माणूस कसला असेल, हे तुम्हीच ठरवा.

बुधवारी टीव्हीवर बातमी फुटली. कुठल्याशा विद्यापीठातल्या पोरांनी मोजायचं यंत्र गाडीच्या डिकीत टाकून गाडी सरळ रस्त्यावर नेली होती, बस्स, एवढंच. इतकी साधी गोष्ट बावीस वर्षांत कुणाला सुचली नाही. गुरुवारी कंपनीच्या वकिलाने आम्हा चालकांना एकेकट्याला आत बोलावलं. "तुम्ही काय केलंत?" "पडद्यावरच्या रेषेप्रमाणे गाडी चालवली." "तुम्हाला काही माहीत होतं?" "नाही." "छान," तो म्हणाला, "असंच." कानावर हात ठेवायचे तर आधी ते मोकळे असावे लागतात, माझे टेबलावर पालथे होते. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे सोन्या, हे टीव्हीवर काय दाखवतायत? तुमच्या गाड्या तपासणीत एक आणि रस्त्यावर एक वागतात म्हणे." मी म्हणालो, चौकशी चालू आहे. "चालू दे. इथे खाली यांची चेष्टा चाललीय. तो तिसऱ्या मजल्यावरचा कंत्राटदार म्हणाला, सर, गाडीला वर्गात बसवा, तिथे ती शहाण्यासारखी वागेल. हे नीट जेवत नाहीत रे. तू रविवारी ये आणि सांग सगळ्यांना." मग ती थांबली. फोनवर तिचा श्वास ऐकू येतो, जुन्या कपाटाचं दार हळूच उघडावं तसा. "आणि मलाही एक विचारायचंय तुला. फोनवर नको." काय विचारायचंय ते मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर दुपार झाली होती. विश्वास ठेवणारी माणसं निष्ठुर असतात. ती तुमच्यावर सगळा भार टाकतात आणि स्वतः निवांत श्वास घेतात. ताईला तर तेवढाही जमत नव्हता.

मी कचऱ्याचा डबा उभा केला, गाडी मागे घेतली आणि निघालो. पुढची वळणं मोठ्याने स्वतःला सांगत घेतली: डावीकडे, आता उजवीकडे. ताईच्या इमारतीखाली माणसं जमलेलीच होती. कंत्राटदार, औषधाच्या दुकानवाला, दोन-तीन बायका, आणि मधोमध भावोजी, इस्त्रीचा शर्ट, चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ताठ. करडी गाडी चालू होती. त्यांनी आधी माझा बंपर पाहिला. "हे काय?" "फुटपाथवर चढली." "कशी?" मी गाडीची किल्ली खिशात टाकली. मग ते लोकांकडे वळले. "हा आला. आता ज्याला शंका असेल त्याने यालाच विचारावं." आणि खिशातून रुमाल काढून ते वाकले. गुडघे दुखतात त्यांचे, गाडीचा आधार घेऊन वाकले. मिनिटभर नुसता इंजिनाचा आवाज. त्यांनी रुमाल वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, दोन्ही हातांनी, दोन कोपरे धरून. हे हात मी ओळखत होतो. माझी उत्तरपत्रिका त्यांनी अगदी अशीच धरली होती.

मी ठरवून आलो होतो की काहीतरी गोलमोल बोलायचं, चौकशी, अफवा, साप म्हणून भुई धोपटणं चाललंय वगैरे. तोंडातून भलतंच निघालं. "त्या रुमालाचा काही उपयोग नाही, भावोजी," मी म्हणालो. "जे निघतं ते दिसत नाही. तुम्ही सात वर्षं लोकांना जे दाखवताय त्याला काही अर्थ नाही." आणि मग मी थांबलोच नाही. रोलर, पट्टे, नळी, पडद्यावरची रेष, हात स्थिर असताना साठ, हात हलले की साडेसातशे, सगळं सांगितलं, हवेत स्टिअरिंग फिरवून दाखवलं, आकडा कसा चढतो ते तळहात वर नेऊन दाखवलं. इतकं मोकळं मी कधी बोललो नव्हतो. वकिलाचं पढवलेलं, नोकरी, सगळं त्या क्षणी हातचा मळ वाटलं. फक्त एकच गोष्ट वगळली: हे मला कधी कळलं. ते माझ्या बोलण्यात असं ठेवलं की आत्ता, या आठवड्यात, सगळ्यांबरोबर कळलं. लोकांना मी सच्चा वाटत होतो आणि मला ते दिसत होतं. कंत्राटदार हसला. "म्हणजे सर, मेहुण्याचीच करामत झाली." भावोजींच्या हातात रुमाल अजून वर होता. कुणीतरी तो खाली करायला सांगेल म्हणून ते थांबल्यासारखे दिसले. "ऐकू आलं का सगळ्यांना?" असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी म्हणालो नाही. म्हणायची गरजच उरली नव्हती. त्यांनी रुमालाची चौघडी केली, खिशात ठेवला आणि गाडी बंद केली. मला फार बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

वर ताई दारातच उभी होती. तिने खिडकीतून ऐकलं होतं. तिने मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, त्याच टेबलाशी, भावोजी समोरच्या खुर्चीत बसले, आणि ती माझ्या शेजारी उभी राहिली. तिने पंप ओढला, दहा आकडे मोजून श्वास रोखला, सोडला. मग म्हणाली, "एकच विचारते. आम्हाला घ्या म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं?"

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ताईचे केस पार पांढरे झालेत, हे मला तेव्हाच का दिसलं कोण जाणे. नऊ वर्षांचा असताना मला ताप आला की ती रात्रभर माझे तळपाय चोळत बसायची, लग्न होऊन वर्ष झालेली मुलगी. येत नाही म्हणायला काय जातं? माहीत होतं म्हणायला काय गेलं असतं? आतल्या आत मी ते शब्द जुळवलेसुद्धा. "नाही ग, ताई," मी म्हणालो. "आम्हालाही फसवलं त्यांनी."

ती मटकन खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "मी म्हणतच होते यांना," ती म्हणाली. "माझं पोर असं करणार नाही. दोन रात्री भांडले मी यांच्याशी. सगळ्यांना सांगणार आहे मी, माझ्या भावाला ठाऊकच नव्हतं म्हणून." तिने पदराने डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा टाकायला ओट्याकडे गेली. गॅस पेटल्याचा आवाज झाला.

भावोजी माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. ते टेबलाकडे बघत होते. माझे दोन्ही तळहात लाकडावर पालथे पडलेले होते, बोटं जुळलेली, नखसुद्धा हलत नव्हतं. मी ते तसे कधी ठेवले मला आठवत नाही.

"मघाशी खाली बोलत होतास," ते अगदी हळू म्हणाले, "तेव्हा केवढे हात हलत होते तुझे."

त्यांच्या नजरेपाठोपाठ मीही माझ्या हातांकडे पाहिलं.

"हलव आता."

मी प्रयत्न केला. खोटं नाही, खरंच केला.

"काय म्हणताय हो त्याला?" ताईने ओट्याजवळून विचारलं. "झालं ना सगळं आता? पुरे करा."

भावोजी तिच्या पाठीकडे बघत राहिले. चहाला उकळी येईपर्यंतचा वेळ गेला असेल. त्यांना एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते बोलले असते तर मी सुटलो असतो.

"काही नाही," ते म्हणाले. "गाडी फुटपाथवर कशी चढली ते विचारत होतो."

"त्याचं लक्षच नसतं," ताई हसली आणि हसता हसता तिला खोकला आला. बराच वेळ थांबला नाही. भावोजी उठले, तिच्या मागून गेले आणि स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. "अहो, लावताय कशाला, उकडतंय," ती म्हणाली. त्यांनी कडीही घातली. मग तिने चहाचा कप आणून माझ्या दोन हातांच्या मधोमध ठेवला आणि म्हणाली, "घे ना रे, निवतोय."